सरोवरावरील गोठलेलें कुलूप

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत मिल लॅक्स नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. हिवाळ्यांत तें गोठलें म्हणजे त्याच्या पाठीवर लहान लहान खोपट्यांची वस्ती उभी राहते. आंत शेगडी पेटवून, बर्फास पाडलेल्या भोंकांतून लोक मासे धरतात. बाहेर पारा कधीं कधीं शून्याखालीं ३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरतो. अशा थंडींत दिवस मावळतांना हातीं किल्ली असूनही कुलूप उघडूं नये, ही केवळ गैरसोय नव्हे. माणसाचा निवाराच हिरावला जातो.

असें कां होतें? श्वासाची व शेगडीची वाफ दाराशीं थंड धातूवर जमते, तिचा बर्फ होतो आणि कुलपांतील बारीक खिट्ट्या जखडल्या जातात. यास्तव हिवाळ्यापूर्वींच कुलूप कोरडें करून त्यांत तेलाऐवजीं ग्राफाइटची पूड घालावी. तेल थंडीनें घट्ट होतें. किल्लीच्या छिद्रावर रबराचें झांकण असावें.

कुलूप गोठलेंच, तर हातमोजा घालून किल्ली काडीच्या ज्योतीवर तापवावी व हलकेंच आंत सारावी. जोर केल्यास ती मोडते. मद्यार्काचे थेंबही बर्फ वितळवितात, कारण शुद्ध मद्यार्क शून्याखालीं ११४ अंशांपर्यंत गोठत नाहीं. मात्र त्याच्याजवळ ज्योत नेऊं नये. फुंकर अथवा कढत पाणी यांचा उपयोग क्षणभरच. मागें राहिलेला ओलावा पुनः गोठतो.

दार आंतून किल्लीवांचून उघडेल अशीही तजवीज हवी. शेगडीपासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु कोंडलेल्या खोलींत प्राण घेतो, आणि त्या वेळीं कुलपाशीं झटत बसण्यास अवधि नसतो.