खड्डा कुणाच्या दारात, नोकरी कुणाच्या नावावर?

(म्हसा येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



म्हसा म्हटलं की पौषातली यात्रा आणि बैलांचा बाजार आठवतो. बैल घेताना माणसं दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, मगच पैसे मोजतात. पण गावची जमीन किंवा डोंगर खाणीला द्यायचा असतो तेव्हा बाईला कुणी विचारतसुद्धा नाही. आज मला यावरच बोलायचं आहे.

आधी लांबची गोष्ट सांगते. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली नावाचं शहर आहे. तिथे १८७१ साली एका टेकडीवर हिरे सापडले. १९१४ पर्यंत त्या टेकडीचा प्रचंड खड्डा झाला. सुमारे सव्वादोन कोटी टन दगडमाती उपसली, आणि हिरे निघाले तीन टनांहूनही कमी! हिरे चोरीला जातील म्हणून काळ्या मजुरांना करार संपेपर्यंत कुंपणाच्या आत कोंडून ठेवायचे. त्यांच्या बायका दूर गावी शेती, पोरं, म्हातारी माणसं सांभाळायच्या. मजूर स्वस्तात मिळत होता, कारण त्याचं घर बाई फुकटात चालवत होती. खाणीच्या हिशेबात मात्र तिचं नाव कुठेच नव्हतं.

सैबेरियात मीर्नी हे शहर तर हिऱ्यांच्या खाणीसाठीच वसलं. तिथे १९५५ साली हिरे सापडले. खड्डा ५२५ मीटर खोल, एक किलोमीटरहून जास्त रुंद. २००१ मध्ये उघडी खाण थांबली, पुढे जमिनीखाली काम सुरू झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये वरच्या खड्ड्यातलं पाणी खाली घुसलं आणि आठ कामगार परत आलेच नाहीत. शहर अजून त्या खड्ड्याच्या काठावर आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात या. आपल्याकडे चंद्रपूरला कोळसा आहे. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घुस या भागात उघड्या खाणी आहेत. वरची माती काढून बाजूला टाकतात, तिचे डोंगर होतात. सुरुंग लावतात. खड्ड्यात झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, म्हणून आसपासच्या विहिरी खाली जातात. विहीर आटली की चाल कुणाची वाढते? भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते, ती पुन्हा पुन्हा कोण धुतं? या कामाची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. आणि खाण बंद झाली तरी ती संपत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती.

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी 'प्रकल्पग्रस्त कुटुंब' हा शब्द शिकले. गावांत काम करायला लागल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. कागदावर कुटुंब म्हणजे सातबाऱ्यावरचा पुरुष. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. सातबारा बापाच्या नावावर, मग नोकरी बहुतेक मुलाला. मोबदल्याचा चेकही त्याच्याच खात्यात. त्याच जमिनीत निंदणी-खुरपणी केलेल्या बाईच्या हातचं काम मात्र गेलं.

खाणीत तरी तिला जागा होती का? एके काळी या देशाच्या कोळसा खाणींत हजारो बाया टोपल्या वाहत होत्या. पुढे १९५२ च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखाली बंदी केली, आणि जमिनीवरही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढंच काम. हे 'संरक्षण' होतं म्हणे! यंत्रं आली तेव्हा टोपलीवाल्याच आधी गेल्या. ज्या टिकल्या त्यांच्यासाठीही योजना निघाली: तू लवकर निवृत्त हो, तुझी नोकरी मुलाला देऊ. मुलीला देऊ, असं काही कुणाला सुचलं नाही. रात्रपाळीची आणि भूमिगत तांत्रिक कामाची दारं २०१९ मध्ये उघडली, तीही बाईच्या लेखी संमतीची अट घालून.

तुम्ही म्हणाल, चंद्रपूर लांब आहे. तर ऐका. चंद्रपूरहून निघालेली विजेची मोठी लाईन साडेसातशे किलोमीटर येऊन आपल्या शेजारी पडघ्याला उतरते. १९९९ पासून ती चालू आहे. आपल्या घरातल्या दिव्याचा आणि तिथल्या आटलेल्या विहिरीचा संबंध आहे.

आणि खड्डे आपल्याकडेही आहेतच. शहापूर-मुरबाडमध्ये दगडखाणी आहेत, खडी क्रशर आहेत. रस्ते, इमारती यांना लागणारी खडी कुठल्या तरी गावाचा डोंगर फोडूनच येते. म्हणून तीन गोष्टी करू या.

एक: अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाच्या परवानगीआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. शहापूर तालुका सगळा त्यात आहे, मुरबाडमधली काही गावं आहेत. आपलं गाव यादीत आहे का, हे ग्रामसेवकाला विचारा.

दोन: ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. विहीर किती लांब, सुरुंग किती वाजता, धुळीने कोण खोकतंय, हे सगळं तिथे मांडा आणि ठरावात लिहून घ्या. सही-अंगठा द्यायच्या आधी ठराव मोठ्याने वाचायला लावा.

तीन: सातबाऱ्यावर आपलं नाव. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. आदिवासी बहिणींना तो कायदा थेट लागू होत नाही. पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर तिच्या वारसांना वाटा नाकारता येणार नाही. म्हणजे 'आमच्यात बाईला देत नाहीत' एवढं म्हणून आता भागणार नाही.

खाण आली की सौदा होतो. सौद्याला बसायचं तर कागदावर नाव हवं आणि सभेत तोंड उघडायला हवं. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या. त्या दिवशी कुणी एकटी जाऊ नका, दहाजणी मिळून जा.