पाटी उचलली, प्रस्ताव कोणी लिहिला?



शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांसमोर आणि संशोधक विद्यार्थ्यांसमोर बोलताना अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मनापासून मानतो आणि थेट इनामगावला जातो.

घोडनदीकाठचं हे आपल्याच शिरूर तालुक्यातलं गाव. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी ते उभं केलं. ताम्रपाषाण काळातली शंभरावर घरं निघाली. घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. पुराला अडवणारा बांध आणि पाण्याचा पाट सापडला. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथला शेतकरी सातू पिकवत होता, हे तेव्हा कळलं. पुढे भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमावर, दौंडातल्या वाळकीलाही खोदकाम झालं. इनामगावचा अहवाल १९८८ साली छापून आला. जगभरचे अभ्यासक आजही तो उघडतात.

बारा हंगाम म्हणजे नुसती जिद्द नव्हे. दर हंगामाला पैसा, मजुरांचं मस्टर, तंबू, पावत्या, हिशेब आणि पुन्हा पुढच्या वर्षाची मागणी. विद्वानांच्या पाठीमागे हे सांभाळणारं कार्यालय होतं. आपल्या गावच्या माणसांनी मातीच्या पाट्या उचलल्या. प्रस्ताव पुण्यात लिहिला गेला. यात डेक्कन कॉलेजचा दोष नाही, त्यांचे उपकारच आहेत. पण पन्नासेक वर्षांनंतरही आपल्याकडे पाटीच असावी, हे मला खटकतं.

संशोधनाच्या विषयांची इथे टंचाई आहे का? शिरूरच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं वाढवते. दौंडातल्या गुऱ्हाळांच्या चुलवाणात चिपाडाखेरीज काय काय जळतं, ते धूर बघूनच कळतं. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींभोवतालच्या विहिरींचं पाणी कोणी वर्षभर, दर महिन्याला तपासलं तर तो पीएच.डी.चा विषय आहे. माझ्या प्राध्यापक मित्रांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांचं अडतं ते बजेटच्या रकान्यात.

माझंच सांगतो. एकदा मला एक लहानसा प्रकल्प मिळाला. पहिला हप्ता आला, काम झालं. दुसऱ्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं होतं. २०१७च्या केंद्रीय वित्तीय नियमांत त्याचा नमुना १२-ए ठरवून दिलेला आहे. मी जुन्याच नमुन्यावर सीएची सही-शिक्का घेऊन पाठवलं. कागद परत आला. तोवर मार्च उलटला होता, आणि घेतलेलं उपकरण डेड स्टॉक रजिस्टरला चढवलेलंच नव्हतं. दुसरा हप्ता आजतागायत आलेला नाही. ज्याच्याकडे जाऊन विचारावं असं टेबलच कॉलेजात नव्हतं. वनस्पतिशास्त्र मला येत होतं, जावक क्रमांक घेणं येत नव्हतं!

विद्यार्थ्यांचं याहून अवघड. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या दारी जायचं, आणि फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून मिळावी म्हणून पुण्यात आंदोलनाला बसायचं. हे दोन्ही नसेल तर मळ्यातून येऊन-जाऊन संशोधन. आविष्कार संशोधन स्पर्धेत आपली मुलं दरवर्षी पोस्टर लावतात, बक्षीसही आणतात. त्या पोस्टरचा प्रस्ताव करून कुठे पाठवायचा, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. पोस्टर घडी करून माळ्यावर जातं.

आता दिल्लीने २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं केलं आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी, असं जाहीर झालं; त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत, त्यामुळे मी लगेच पेढे वाटणार नाही. राज्य विद्यापीठं आणि महाविद्यालयं संशोधनात यावीत, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. पण ज्याच्याकडे लिहिणारा हात आहे, त्याच्याकडेच पैसा जाणार. पुण्यातल्या मोठ्या संस्थांत तो हात पगारावर असतो. आपल्याकडे तेच काम प्राध्यापक तास, परीक्षा आणि नॅक यांच्या फटीत करतो.

म्हणून विद्यापीठाकडे माझी मागणी लहान आहे. अनुदान, पुरस्कार, फेलोशिप यांची माहिती असलेला, हिशेब समजणारा एक माणूस शिरूर आणि दौंड मिळून द्या. महिन्यातून दोन दिवस इथे, दोन दिवस तिथे. त्याने विज्ञान शिकवू नये, मुदतीची आठवण करून द्यावी, बजेट तपासावं, नाकारलेला प्रस्ताव का नाकारला ते परीक्षकाच्या शेऱ्यावरून समजावून सांगावं. नकार आला की आपली माणसं तो कागद ड्रॉवरमध्ये लपवतात, जणू घरातली बदनामी.

तो माणूस मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. मी निवृत्त आहे, दौंडहून यायला मला वेळच वेळ आहे. येत्या महिन्यात ज्यांचे नाकारलेले प्रस्ताव असतील त्यांनी ते घेऊन या. चष्मा मी आणतो. डेड स्टॉक रजिस्टर तेवढं काढून ठेवा.