अरबी अक्षरांचे नाणे कुणाचे?

चौदाव्या शतकात मॉस्कोचा राजा दिमित्री दोन्स्कोय चांदीची नाणी पाडू लागला. एका बाजूला रशियन अक्षरांत त्याचे नाव, दुसरीकडे अरबी अक्षरांत तोख्तामिश खानाचे! राजा ख्रिस्ती, पण खंडणी खानाला जायची आणि बाजारात पत खानाच्या नाण्याला.

आपल्या किनाऱ्यावरही असेच घडले. रशियन व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात दाभोळहून होर्मुझला गेला, त्याच सागरी वाटेवर पुढे इराणची लारी चालली. लार या गावावरून हे नाव. चांदीची तार दुमडून, ठोकून केलेले, केसांच्या आकड्यासारखे नाणे. वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. सतराव्या शतकात विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने तशीच लारी पाडली, स्वतःच्या नावाने. तार इतकी अरुंद की अक्षरे अर्धीच उमटत! मला तीच गंमत वाटते.

अरबी अक्षरे दिसताच कुणी 'परकी नाणे' म्हणाले, तर मॉस्कोचे नाणे कुणाचे, हे मी त्याला विचारतो.

आता एक कामाची गोष्ट. कलमांसाठी खड्डे खणताना अशा वाकड्या तारा सापडल्या तर चिंचेने घासू नका, सोनाराकडे वितळवायला नेऊ नका. १८७८ च्या कायद्यानुसार, जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आपले जिल्हाधिकारी कार्यालय ओरोसला आहे.