एका रेणूचे झोके

नागपंचमीला एकाच झाडाला चार-पाच झोके बांधलेले असतात, पण दोर सारख्या लांबीचे नसतात. सगळे एकदम सोडले, तर पहिले दोन-तीन हेलकावे बरोबर पडतात. मग आखूड दोराचा झोका पुढे, लांब दोराचा मागे. थोड्याच वेळात कुणाचा कुणाशी मेळ राहत नाही. हे चित्र मनात ठेवा.

आता एक रेणू घेऊ, ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा. दोन अणुकेंद्रं आणि त्यांना बांधून ठेवणारे दोन इलेक्ट्रॉन. जर्मनीत हायडेलबर्गच्या माक्स प्लांक अणुकेंद्र भौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावर लेसरचा सुमारे ७ फेम्टोसेकंदांचा स्पंद सोडला. एका सेकंदात एकावर पंधरा शून्यं इतके फेम्टोसेकंद असतात. ७ फेम्टोसेकंदांत प्रकाशही जेमतेम दोन मायक्रॉन पुढे जातो.

या स्पंदानं एक इलेक्ट्रॉन उडतो. बांधणी सैल पडते आणि अणुकेंद्रं झुलू लागतात. एक हेलकावा साधारण २० फेम्टोसेकंदांचा. पुंजभौतिकीची गंमत अशी, की हा एकटा रेणू एकाच वेळी अनेक झोक्यांवर बसलेला असतो, आणि प्रत्येकाचा ताल किंचित वेगळा! त्यामुळे सुरुवातीची ठसठशीत हालचाल लवकरच विस्कटते.

हे पाहायचं कसं? दुसरा स्पंद उरलेला इलेक्ट्रॉनही उडवतो. दोन्ही अणुकेंद्रं धनभारित, म्हणून ती एकमेकांना दूर लोटतात. जितकी जवळ असतील, तितक्या जोरानं सुटतात. त्या जोरावरून त्या क्षणीचं अंतर कळतं. मात्र रेणू फुटून जातो. एका रेणूला प्रश्न एकच विचारता येतो. म्हणून दर वेळी नवे रेणू घ्यायचे आणि दुसऱ्या स्पंदाच्या वाटेतला आरसा कणभर सरकवून तो थोडा उशिरा पाठवायचा.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे ५८० फेम्टोसेकंदांनी विस्कटलेले हेलकावे पुन्हा जुळून आलेले दिसले. तेवढा उशीर करायला आरसा केसाच्या जाडीइतका हलवला की पुरे.

आपल्या अंगणातले झोके असा मेळ जमण्याआधीच थांबतात. वारा आणि दोराचं घर्षण त्यांना थांबवतं. निर्वात पात्रातल्या त्या रेणूला अडवणारं कुणी नसतं. म्हणून त्याचा मोडलेला मेळ पुन्हा जमतो.