गुन्हा काय, तर सांगितलं नाही

आजची गोष्ट जहाजांची आहे. आणि एका माणसाची, ज्याने शिक्षा भोगायला अर्धी पृथ्वी पार केली आणि शिक्षेतून सुटायला उरलेली अर्धी.

जॉन बॉईल ओरायली. जन्म 1844, आयर्लंडमधल्या द्रोहडा गावाजवळचा. वडील शाळामास्तर. पोरगा अकरा-बारा वर्षांचा असतानाच एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात लागला. पुढे इंग्लंडला गेला, तिथेही छापखाना. 1863 ला परत येऊन ब्रिटिश फौजेत भरती झाला, दहाव्या हुसार्स या घोडदळात. आता इथे गंमत अशी, की गणवेश राणीचा आणि मन आयर्लंडचं. फेनियन नावाची गुप्त संघटना आयर्लंडमधून इंग्रजांची सत्ता उलथवायच्या तयारीत होती. तिचा एक माणूस, जॉन डेव्हॉय, फौजेतल्याच आयरिश शिपायांना गुपचूप आपल्या बाजूला ओढत होता. ओरायली त्याला सामील झाला.

1866 मध्ये पकडला गेला. कोर्ट मार्शल. आरोप नीट ऐका: बंड होणार आहे हे त्याला माहीत होतं, आणि त्याने ते वरिष्ठांना कळवलं नाही. बस. याला मृत्यूची शिक्षा! नंतर ती बदलून वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बावीसाव्या वर्षी मी कॅम्पस प्लेसमेंटचं टेन्शन घेत होतो, असो.

इंग्लंडमधले तुरुंग पालथे घालून झाल्यावर ऑक्टोबर 1867 मध्ये त्याला हूगूमाँट नावाच्या जहाजात चढवलं. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं हे शेवटचं जहाज. त्यात 62 फेनियन होते, बाकी साधे गुन्हेगार. या फेनियनांनी तळघरात बसून काय केलं असेल? हाताने लिहून साप्ताहिक काढलं! सात अंक निघाले. एकच प्रत, ती मोठ्याने वाचून दाखवायची. म्हणजे एक प्रकारे पॉडकास्टच की.

जानेवारी 1868 मध्ये जहाज फ्रीमँटलला लागलं. ओरायली आता कैदी नंबर 9843. त्याला बनबरीकडे रस्ते बांधायच्या कामावर पाठवलं. आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमानची कोठडी डोळ्यांसमोर येते. इथे कोठडी नव्हती, उघडं जंगल होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला निर्जन प्रदेश. भिंत कशाला बांधतील? त्याच्या चरित्रात एक किस्सा आहे. रस्त्याच्या आखणीत एक प्रचंड झाड आडवं येत होतं. कैद्याने शब्द टाकला, अधिकाऱ्याच्या बायकोपर्यंत गेला, आणि सरकारी रस्ता वळवला गेला. खरं-खोटं चरित्रकार जाणे, तो त्याचा मित्र होता. पण मला हा किस्सा आवडतो.

आतून मात्र माणूस मोडत होता. वॉर्डर वुडमन याच्या मुलीत, जेसीमध्ये, त्याचा जीव गुंतला होता. कैदी आणि वॉर्डरची मुलगी, यातून काय निघणार? डिसेंबर 1868 मध्ये त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वेळेवर कोणीतरी पाहिलं म्हणून वाचला.

आणि त्यानंतर दोनच महिन्यांत तो पळाला. फादर मॅकेब नावाच्या आयरिश पाद्रीने सगळी जुळवाजुळव केली. 18 फेब्रुवारी 1869 च्या रात्री घोडे, मग होडी, मग समुद्र. बोलणी झालेलं अमेरिकन जहाज व्हिजिलंट समोरून आलं, आणि न थांबता निघून गेलं! विचार करा, होडीत बसून हात हलवताय आणि शिडं लहान लहान होत जातायत. पुढचे दोन आठवडे तो वाळूच्या टेकड्यांमध्ये लपून राहिला. शेवटी गझेल नावाच्या व्हेल पकडणाऱ्या जहाजाने त्याला घेतलं.

पण एकट्याला नाही. मार्टिन बोमन नावाच्या दुसऱ्या एका कैद्याला या पळण्याचा सुगावा लागला होता. मलाही न्या, नाहीतर पोलिसांना सांगतो, म्हणाला. नेलं. मॉरिशसच्या ताब्यातल्या रॉड्रिग्ज बेटापाशी ब्रिटिश अधिकारी जहाजावर चढले आणि बोमन सापडला. आता हा आपलंही नाव सांगणार, हे ओरायलीला कळून चुकलं. त्या रात्री हॅथवे नावाच्या मेटने धार लावायचा दगड आणि ओरायलीची टोपी समुद्रात टाकली. धप्प आवाज झाला, माणूस पडला म्हणून आरडाओरड झाली. टोपी मिळाली, माणूस नाही. अर्ध्या खलाशांना खरंच वाटलं की याने जीव दिला. हा जिन्याखालच्या कप्प्यात अंग चोरून बसलेला.

बोमन माझ्या डोक्यातून जात नाही. तो या गोष्टीतला खलनायक, मान्य. धमकी दिली, ते वाईटच. पण त्यालाही घरीच जायचं होतं ना? त्याच्यासाठी कोणी दगड टाकला नाही.

पुढे गझेल सेंट हेलेनाला जाणार होतं, म्हणजे पुन्हा इंग्रजांचं बेट. म्हणून भर समुद्रात ओरायली सफायर नावाच्या जहाजावर गेला. ते जहाज आपल्या मुंबईहून लिव्हरपूलला निघालेलं! गझेलच्या कॅप्टन गिफर्डने स्वतःजवळचे पैसे दिले आणि पळून गेलेल्या एका खलाशाचे कागद दिले. ओरायलीने पुढे पहिला कवितासंग्रह त्यालाच अर्पण केला. लिव्हरपूलहून अमेरिकेला ज्या जहाजाने गेला, त्याचं नाव तर चक्क 'बॉम्बे'. 23 नोव्हेंबर 1869 ला तो फिलाडेल्फियात उतरला.

पुढे बॉस्टनला 'पायलट' या वृत्तपत्राचा संपादक झाला, नाव झालं. पण साध्या फेनियनांना माफी मिळत गेली तरी फौजेतले फेनियन, म्हणजे याच्यासारखेच, अजून फ्रीमँटलमध्ये होते. त्यांच्यातल्या एकाचं पत्र डेव्हॉयला आलं. ओरायलीने सुचवलं, आपणही व्हेल पकडणारं जहाजच घेऊ, कोणाला संशय येणार नाही. आणि तो गाठ कोणाशी घालून देतो? हॅथवेशी, त्या दगडवाल्या! वर्गणी काढून कॅटाल्पा घेतलं. एप्रिल 1876 मध्ये सहा कैदी सुटले. जॉर्जेट नावाच्या बोटीने पाठलाग केला, तेव्हा कॅप्टन अँथनीने अमेरिकन झेंड्याकडे बोट दाखवलं. हल्ला झाला नाही.

ओरायली स्वतः आयर्लंडला परत कधीच गेला नाही. कॅनडाहून भाषणाचं बोलावणं आलं, तर ब्रिटिश सरकारने तिथे पाऊल ठेवायलाही नकार दिला. सोळा वर्षं झाली होती, तरी कागदावर तो पळालेला कैदीच. 1890 मध्ये, 46 व्या वर्षी, झोपेच्या औषधाचा डोस जास्त झाला आणि तो गेला. घर समुद्रकाठी होतं, बॉस्टनजवळच्या हल गावात.

कॅटाल्पावर पूर्ण वेगळा भाग करायचा आहे. तोपर्यंत, भेटू.