सायखेड्याकडची दोन दिवसांची सुटी

सुटी म्हटली कीं आपणां शहरवासीयांस महाबळेश्वर किंवा माथेरान आठवतें. स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाचीं बेटें आहेत. तेथें ऐन हिवाळ्यांत, वारापावसाची पर्वा न करतां, ग्रीनलंडहून उतरणारे हंस पाहावयास लोक जातात. तसाच सोहळा आपल्या निफाड तालुक्यांत दर हिवाळ्यांत होत असतो.

सायखेड्यावरून वाहत गेलेली गोदावरी पुढें नांदूर मध्यमेश्वर येथें कादवेस मिळते. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतीसाठीं बंधारा बांधला गेला. अडलेल्या पाण्यांत वर्षानुवर्षें गाळ बसला, उथळ पाणथळें झालीं, लहान लहान बेटें वर आलीं, त्यांवर लव्हाळे माजले आणि पक्ष्यांस आयतें घर मिळालें. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. जानेवारी २०२० मध्यें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून त्यास मान मिळाला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निफाड स्टेशनवर उतरावें, मुक्काम करून पहांटेंच चापडगांवच्या मनोऱ्यावर जावें. दुर्बीण व गरम कपडे बरोबर असावेत. भडक वस्त्रें व मोठा आवाज मात्र घरीं ठेवावा. जांभळ्या पाणकोंबड्या, चमच्यासारख्या चोचीचे बगळे आणि हिमालय ओलांडून आलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस यांची ओळख स्थानिक वाटाड्या करून देतो. दुसरे दिवशीं सायखेड्याचा कांद्याचा बाजार पाहावा व पूल ओलांडून चांदोरीस जावें. तेथील नदीपात्रांतील जुनीं देवळें पाणी ओसरलें म्हणजेच दिसतात. त्यांच्यासाठीं उन्हाळ्यांत पुन्हां एक खेप करावी.

परंतु पुलावर क्षणभर थांबावें. ऑगस्ट २०१६ मध्यें आणि पुन्हां ऑगस्ट २०१९ मध्यें गोदावरीचें पाणी सायखेडा व चांदोरी या दोन्ही गांवांत शिरलें होतें. ज्या गाळानें पक्ष्यांस बेटें दिलीं, त्याच गाळानें बंधाऱ्यांतील पाण्याची जागा कमी केली. गाळ काढावा तर पाखरांचें घर जाईल. राहूं द्यावा तर पावसाळ्यांत नदीकांठच्या माणसांच्या जिवास घोर. हा पेंच सोपा नाहीं, आणि दोन दिवसांच्या पाहुण्यानें त्याचा निवाडा करूं नये. मात्र हंसांचें कौतुक करतांना त्यांच्या शेजाऱ्यांचीहि विचारपूस करावी. वाटाड्यास योग्य मोबदला द्यावा, खरेदी गांवांतच करावी आणि पाण्याकांठीं कागदाचा कपटाहि टाकूं नये.

थंडी जवळ आली कीं हा बेत अवश्य आंखा. मुलांना बरोबर न्या. नदीची दोन्ही रूपें त्यांना एकाच सहलींत कळतील.