फरसबंद अंगणातील परसबाग



मराठी घराला एकेकाळी दोन अंगणे असत. पुढचे ते अंगण आणि मागचा तो परस. पुढच्या अंगणात सडा-रांगोळी होई, पाहुण्यांची ऊठबस होई. परसात घरचा संसार चाले. न्हाणीचे पाणी जेथे वाहत जाई तेथे केळ आणि अळू, विहिरीच्या काठाशी कढीलिंब, कुंपणावर वालाचा किंवा दोडक्याचा वेल आणि कोपऱ्यात शेवगा, ही परसाची ठरलेली मांडणी होय. परसबाग म्हणून काही वेगळी योजना करावी लागत नसे. ऐनवेळी पाहुणा आला तर गृहिणीची नजर बाजाराकडे न जाता मागच्या दाराकडे जाई.

गेल्या चार-पाच दशकांत हे चित्र पालटले. तालुक्याच्या गावी, मोठ्या खेड्यांत आणि शहरांच्या उपनगरांत घरे जवळजवळ आली. परस आखडला आणि जो उरला तो फरसबंद झाला. कोठे कोबा केला गेला, कोठे शहाबादी फरशी बसली, तर कोठे सिमेंटचे ठोकळे. यात कोणाचा दोष नाही. फरशीमुळे चिखल गेला, केर काढणे सोपे झाले, पावसाळ्यात मुलांना खेळावयास कोरडी जागा मिळाली. ती फरशी उखडून टाका असे सांगितल्यास कोणीही ऐकणार नाही आणि तसे सांगण्याचे कारणही नाही. मात्र फरशीखाली माती गेली, तिच्याबरोबर ताटातली हिरवी भाजीही कमी झाली, याची नोंद घ्यावयास हवी.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरात पूर्वीपासून उभे आहे. जुन्या वाड्यांचे चौक फरसबंदच असत. तरीही त्या चौकाच्या मध्यभागी तुळशीवृंदावन असे. फरशीवर विटांचा चौथरा, त्यात घमेलेभर माती आणि रोज न चुकता घातलेले तांब्याभर पाणी एवढ्यावर ती तुळस वर्षानुवर्षे जगली. फरशी न फोडता तिच्यावर माती आणावयाची, हाच फरसबंद परसबागेचा मूळ विचार आहे.

प्रश्न ताटाचा आणि रक्ताचा

ही बाब केवळ हौसेची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ या वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते ५४.२ टक्के आढळून आले. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांमध्ये हेच प्रमाण ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ असा की, अंगणवाडीच्या पटावरील दर तीन बालकांपैकी दोन बालकांचे रक्त कमी प्रतीचे आहे.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, वारंवार होणारा हिवताप, लागोपाठची बाळंतपणे आणि निकृष्ट आहार ही त्यांपैकी प्रमुख होत. पालेभाजीने रक्तक्षय बरा होतो असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. वनस्पतींतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते आणि पालकातील लोहाचा तर बराचसा भाग वायाच जातो. गर्भवतींना आणि किशोरींना देण्यात येणाऱ्या लोहयुक्त गोळ्यांना परसबाग हा पर्याय नव्हे. परंतु माठ, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला यांतून लोहाबरोबर फोलेट आणि अ जीवनसत्त्वाचा पुरवठा होतो. जेवणात लिंबाची फोड असली तर लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. गोळी आणि भाजी या दोहोंची सांगड घालावी लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दर माणशी रोज ३०० ग्रॅम भाज्या आणि त्यांत ५० ग्रॅम पालेभाजी असावी असे सांगितले होते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शिकेत भाज्या व फळे मिळून ५०० ग्रॅमचे प्रमाण धरण्यात आले आहे. ज्या घरात मेथीची जुडी स्वस्त झाली तरच आणली जाते, तेथे हे प्रमाण कागदावरच राहते.

उत्पन्नाचा प्रामाणिक हिशेब

परसबागेची शिफारस करताना पुष्कळदा अतिशयोक्ती होते. संपूर्ण कुटुंबाची भाजी घरीच पिकेल असे सांगितले जाते. तसे झाले नाही की लोक निराश होतात आणि कुंड्या अडगळीत जातात. म्हणून हिशेब आधी मांडलेला बरा.

पालकाचे हेक्टरी १० टन उत्पन्न धरले तर एका चौरस मीटरला एक किलो भाजी येते. फळबाजारात वापरले जाणारे प्लॅस्टिकचे क्रेट साधारणपणे ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद असते. अशी चार क्रेट म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर जागा. म्हणजे एका क्रेटमधून सुमारे पाव किलो पालेभाजी मिळावी. पेरणीपासून कापणीपर्यंत चार ते पाच आठवडे लागतात. चारही क्रेट एकाच दिवशी पेरली तर महिन्यातून एकदा किलोभर भाजी हाती येईल आणि नंतर महिनाभर काहीच नाही. तीच दर आठवड्यास एक याप्रमाणे पेरली तर दर आठवड्याला पाव किलोची एक जुडी मिळत राहील.

बारा क्रेट ठेवली तर आठवड्याला पाऊण किलो भाजी मिळेल. चार माणसांच्या कुटुंबाला ५० ग्रॅमच्या हिशेबाने आठवड्यास १ किलो ४०० ग्रॅम पालेभाजी लागते. म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक गरज घरात भागेल. बारा फूट लांबीच्या भिंतीलगत सहा-सहा क्रेटच्या दोन ओळी लावल्या तर जेमतेम पावणेतीन फूट रुंदीची जागा व्यापली जाते. उरलेले अंगण वाळवणाला, सायकलीला आणि मुलांना मोकळे राहते.

जागा, भांडी आणि माती

सुरुवातीस दोन-तीन दिवस अंगणातील ऊन पाहावे. पालेभाजीला चार-पाच तासांचे ऊन पुरते. मिरची, वांगी, टोमॅटो यांना सहा तासांहून अधिक लागते. दिवसभर सावली असलेल्या कोपऱ्यात अळू आणि पुदिना तग धरतात. फरशीचा उतार आणि मोरीचे तोंड कोठे आहे तेही पाहावे, कारण जादा पाण्याला वाट मिळालीच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत फरशी तापते आणि तिची धग थेट मुळांना लागते. यास्तव भांडी फरशीवर न टेकविता विटांवर ठेवावीत, एकमेकांशी लगटून ठेवावीत आणि दुपारच्या उन्हापुरते हिरवे जाळीचे कापड अथवा जुने लुगडे वर ताणावे.

भांड्यांवर खर्च करण्याची गरज नाही. फुटके माठ, जुनी घमेली, तेलाचे डबे, सिमेंटची धुतलेली गोणी, काहीही चालते. तळाशी छिद्रे मात्र हवीत. कीटकनाशकांचे आणि रंगांचे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत. पालेभाजीला अर्धा फूट, मिरची-वांग्याला एक फूट आणि दुधी, दोडका, कारले अशा वेलांना दीड फूट खोलीची माती लागते.

नुसती काळी माती भरल्यास ती पाण्याने घट्ट होते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग वाळलेला पालापाचोळा, उसाचे चिपाड किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण हलके राहते व ओल धरते. गणिताचे अध्यापन करणारे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे महाराष्ट्रातील सामान्य शेतकऱ्यांना व गृहस्थांना हाच धडा दिला. घरच्या पालापाचोळ्यातून सुपीक माती घडविता येते आणि त्यासाठी पदवीपेक्षा निरीक्षणाची सवय अधिक उपयोगी पडते, हे त्यांच्या कार्याचे सार होय.

घरातील ओला कचरा हेच या बागेचे खत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. वेगळा केलेला ओला कचरा घंटागाडीत न टाकता छिद्रे पाडलेल्या दोन माठांत आळीपाळीने भरावा. प्रत्येक थरावर वाळलेली पाने पसरावीत. एक माठ भरेपर्यंत दुसऱ्यातील खत मुरत राहते व दोन-तीन महिन्यांत ते वापरण्याजोगे होते. दुर्गंधी आली तर पाणी जास्त झाले असे समजून सुका पाला वाढवावा.

काय लावावे, केव्हा लावावे

लहान जागेत कोबी, फ्लॉवर किंवा बटाटा लावण्यात हशील नाही. ते जागा फार अडवितात आणि बाजारात ते सहज मिळतात. जे लवकर येते, वारंवार कापता येते आणि तोडल्यानंतर लवकर कोमेजते, ते घरी लावावे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे मेथी, पालक, मुळा व कोथिंबिरीचे दिवस. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरावेत. धने हाताने रगडून, दोन फाके करून टाकावेत. पालक पहिल्या कापणीनंतर पुन्हा फुटतो. उन्हाळ्यात तांदळी, राजगिरा आणि चवळईचा भरवसा धरावा. पावसाळ्यात अंबाडी, अळू आणि मायाळू. मायाळूचा वेल एकदा दोरीवर चढला की महिनोन्महिने पाने देतो आणि पाऊसकाळात, जेव्हा बाजारातील पालेभाजी महाग व चिखलाने माखलेली असते, तेव्हा तो खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

एका मोठ्या भांड्यात कढीलिंब असावाच. गवती चहाचा गड्डा शेजाऱ्याकडून आणावा, पुदिन्याच्या जुडीतील चार काड्या खोचाव्यात, पानओव्याची एक फांदी लावावी. आले मे-जूनमध्ये रुजविले तर हिवाळ्याच्या अखेरीस निघते. मिरचीची दोन-तीन झाडे रोजच्या फोडणीपुरती मिरची देतात.

पाणी आणि राखण

टंचाईच्या गावात बागेला पाणी कोठून आणावे, हा रास्त प्रश्न आहे. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी बहुतेक घरांत मोरीत जाते. ते बादलीत साठवून त्याच दिवशी घालावे. साबणाचे व धुण्याच्या पावडरीचे पाणी पालेभाजीला घालू नये. पेराएवढे बोट मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंड्या सुकण्यापेक्षा अतिपाण्याने कुजण्याचे प्रमाण जास्त असते.

कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून पुसाव्यात. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. भाजीसाठी डास पाळणे कोणालाच परवडणार नाही.

मावा दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. त्याने न भागल्यास ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. घरच्या पालेभाजीवर याहून जहाल औषध वापरल्यास घरी पिकविण्याचा हेतूच फसतो.

शाळा आणि पंचायत

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. अनेक शाळांचे आवार आज फरसबंद आहे, म्हणून तेथे बाग होणार नाही असे मानण्याचे कारण नाही. अर्थात येथेही हिशेब हवा. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. चाळीस मुलांना रोज दोन किलो भाजी लागेल. तेवढी दहा-बारा क्रेटमधून येणार नाही. पण खिचडीवर पडणारी कोथिंबीर, फोडणीचा कढीलिंब आणि आठवड्यातून एकदा आमटीत जाणारा मूठभर पाला त्यांतून नक्की मिळेल. मुलांनी पेरलेली मेथी मुले ताटात टाकत नाहीत, हा लाभ तर ग्रॅममध्ये मोजताच येत नाही. क्षेत्रफळ, वजन, उगवणीची टक्केवारी यांचे पाठ शिक्षकांनी या बागेतच घ्यावेत. मे महिन्याच्या सुटीत पाणी कोण घालणार, हे मात्र एप्रिलमध्येच ठरवावे. बहुतेक शाळांच्या बागा त्या एका महिन्यात जळतात.

ग्रामपंचायतीने एक ट्रॉली गाळाची माती गावात टाकली, कृषी विज्ञान केंद्रातून बियाणे आणून महिला बचत गटांमार्फत चमचा-चमचा वाटले, तर खर्च अल्प आणि लाभ थेट घरात पोहोचतो. अधिकाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. पहिल्या पेरणीच्या दिवशी समारंभ होतो, छायाचित्र निघते आणि अहवालात बागांची संख्या भरली जाते. दुसऱ्या पेरणीच्या वेळी तेथे कोणी नसते. यास्तव पहिल्या पेरणीऐवजी दुसऱ्या पेरणीनंतर उभ्या असलेल्या बागा मोजाव्यात. ती संख्या लहान असेल, पण ती खरी असेल.

ज्या घरास हे सर्व अवघड वाटेल, त्याने एका क्रेटपासून आरंभ करावा. या रविवारी मेथी पेरावी, पुढच्या रविवारी दुसरे क्रेट भरावे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पहिली जुडी कापली जाईल. ती कापताच त्याच दिवशी ते क्रेट पुन्हा पेरणे, एवढी एक शिस्त पाळली की फरशीवरची ही बाग चालू राहील. तुळशीला रोज पाणी घालण्याची सवय ज्या घराला आहे, त्या घरास ही शिस्त नवी नाही.